काटकोनातले तीन महिने

बत्तीस वर्षं मी गणित शिकवलं. काटकोन किती अंशांचा, हे ज्यांना सांगता आलं नाही अशा दोन पिढ्यांना मी व्हरांड्यात अंगठे धरून उभं केलं. निवृत्तीनंतर तोच प्रश्न माझ्या डाव्या खुब्याला आला, आणि इथली शिक्षा माझ्या वर्गापेक्षा कडक. उत्तर चुकलं की गोळा वाटीच्या बाहेर.

खुब्याचा सांधा बदलल्यावर डॉक्टरांनी घरी सोडताना कागदावर चार ओळी लिहून दिल्या. मांडी आणि पोट यांच्यातला कोन नव्वदच्या आत येऊ द्यायचा नाही. पायावर पाय टाकायचा नाही. पंजा आत वळवायचा नाही. झोपताना दोन्ही पायांत उशी. मुदत तीन महिने. मला हायसं वाटलं. चारच तर गोष्टी! घरी आलो तेव्हा कळलं, की आमचं अख्खं गाव लघुकोनात राहतं.

तुम्हीच बघा. जेवायला मांडी. भजनाला मांडी. अंघोळीला वीतभर उंचीचा दगड. संडासात उकिडवं. पारावर गप्पा मारायला उकिडवं. शेंगा फोडायला, भाजी निवडायला, कोंबडी शोधायला उकिडवं. लग्नात सतरंजी, पंगतीत पट्टी, मयतीला गेलं तर भिंतीला पाठ लावून पुन्हा उकिडवं. थोरामोठ्यांच्या पाया पडायचं तर कोन इतका लहान होतो, की मोजायला कोनमापक आत शिरत नाही. गावात सरळ उभ्या असतात त्या दोनच गोष्टी, विजेचा खांब आणि मतं मागायला आलेला उमेदवार. तोही अधूनमधून वाकतो.

तीर्थंकरांच्या मूर्ती दोनच आसनांत घडवतात, बसलेली पद्मासनात आणि उभी कायोत्सर्गात. आमच्या गावात मल्लिनाथांचं मंदिर आहे, जैन लोक त्याला अतिशय क्षेत्र म्हणतात आणि लांबून दर्शनाला येतात. मला पद्मासनाची बंदी झाली, त्यामुळे उरलं ते उभं राहणं. ते तरी कसं, तर वॉकर धरून. मोक्षाचा एक दरवाजा डॉक्टरांनीच लावून घेतला म्हणायचा.

गावाचं सांगायचं तर शिरड शहापूर औंढा ते वसमत रस्त्यावर आहे, जिल्हा हिंगोली. आधी आमचा जिल्हा परभणी होता, 1999 साली हिंगोली झाला. हे मी इतक्या तपशिलात सांगतोय, कारण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी विमा कंपनीतून एका मुलीचा फोन आला होता.

‘सर, पत्ता शिर्डी का शहापूर?’

‘शिरड शहापूर.’

‘म्हणजे शिर्डीजवळ.’

‘नाही. शिर्डीचा काही संबंध नाही.’

‘मग शहापूर, ठाणे जिल्हा.’

‘ते दुसरं. हे हिंगोली जिल्ह्यातलं.’

थोडा वेळ शांतता. मग ती फार समजुतीच्या सुरात म्हणाली, ‘सर, मला फक्त एवढं सांगा, दोनपैकी नेमके कुठे ॲडमिट आहात?’

‘नांदेडला,’ मी म्हणालो. फोन कट झाला.

दुखण्याची सुरुवात दोन वर्षांपूर्वीची. चालताना जांघेत कळ यायची आणि डावा पाय ओढत यायचा. गावानं आपापल्या परीनं निदान केलं. कुणी वात म्हणालं, कुणी शिरेवर शीर चढली म्हणालं, एकानं शनी काढला. शेवटी थोरल्यानं गाडीत घातलं आणि नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये नेलं. आमच्या भागातल्या माणसाचा एखादा तरी अवयव त्या गल्लीत तपासून झालेला असतोच. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि म्हणाले, ‘खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडलाय. गोळा आतून ढासळतोय. दारू घेता का?’

ही शेजारच्याच खुर्चीवर बसली होती.

‘नाही,’ मी म्हणालो.

‘कधीच नाही?’

‘कधीच नाही.’

डॉक्टर हिच्याकडे बघायला लागले. ही माझ्याकडे बघायला लागली. छत्तीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे असं एकदाच पाहिलं होतं, शिक्षकांची सहल माहूरला गेली होती आणि मी एक दिवस उशिरा परतलो होतो तेव्हा. मग डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारला, स्टिरॉइड घेतलंय का. तेव्हा कुठं उलगडा झाला. दम्यासाठी एका जडीबुटीवाल्याकडून मी काही वर्षं पांढऱ्या पुड्या आणत होतो. पुडी पोटात गेली, की तासाभरात छाती मोकळी. मला वाटायचं, काय विद्या आहे या माणसाच्या हातात! डॉक्टर म्हणाले, ‘अशा पुड्यांत पुष्कळदा विद्या नसते, स्टिरॉइड असतं.’

पण हा दुसरा प्रश्न नांदेडमध्येच राहिला. पहिला मात्र आमच्या आधी गावात पोचला. ‘गुरुजी घेत होते म्हणं,’ असं दबक्या आवाजात सुरू झालं. आश्चर्य म्हणजे त्यानं माझी पत वाढली. बत्तीस वर्षं मला टाळून पुढं जाणारी काही मंडळी आता जवळ येऊन, खांद्यावर हात ठेवून, आपल्यातलाच एक असल्यासारखी विचारपूस करू लागली.

ऑपरेशनला गावानं नावही आपलं दिलं. ‘गुरुजीचा बॉल टाकला.’ सांधा, रोपण, शस्त्रक्रिया हे शब्द कुणी तोंडातून काढले नाहीत. बॉल गेला होता, बॉल बसवला, नवा बॉल कितीला पडला. पोरांना वाटलं, मी क्रिकेटमध्ये काहीतरी करून आलोय.

नवा बॉल बघायला (म्हणजे मला बघायला) पहिल्याच दिवशी आलेला पहिला पाहुणा आमच्या आळीतला गवंडी. तो खाटेच्या कडेला बसला, पायावरून नजर फिरवली आणि धंद्याचा प्रश्न विचारला.

‘सिमेंट कोणतं वापरलं?’

‘सिमेंट वापरलंच नाही. दांडा हाडात ठोकून बसवलाय. हाड हळूहळू त्याला धरून वाढतं.’

‘बिगर सिमेंटचं?’ त्यानं हिच्याकडे पाहिलं. ‘अन् टिकंल कसं, वहिनी? पाणी तरी मारलं का?’

त्याला मी सांगितलं, की हाडात सिमेंट वापरायची रीत आहे, फक्त ते सिमेंट त्याच्या ओळखीचं नाही, दाताच्या डॉक्टरांच्या ओळखीचं. हे मला दवाखान्यात पडल्या पडल्या मोबाईलवर कळलं होतं. माणूस आडवा पडला, की त्याला आपल्या आजाराचा इतिहास वाचायची हुक्की येते. जर्मनीत 1891 साली ग्लूक नावाच्या सर्जननं खुब्यात चक्क हस्तिदंताचा गोळा बसवला होता. पण आज ज्याला सगळे मानतात ते काम जॉन चार्नली या इंग्रज डॉक्टरचं. हाडात धातू पक्का बसावा म्हणून त्यानं दातांच्या कवळ्यांना लागणारं ॲक्रिलिक घेतलं. वाटीसाठी टेफ्लॉन घेतलं, आपल्या तव्याला असतं ते. डोसा चिकटत नाही, तर सांधाही अडकणार नाही, असा सरळ हिशेब. पण टेफ्लॉन दोन-तीन वर्षांत झिजलं, झिजलेला चुरा आतलं मांस खवळायला लागला आणि शेकडो लोकांचे सांधे पुन्हा उघडायची पाळी आली. हा माणूस इतका अस्वस्थ झाला, की चुऱ्यानं नेमकं काय होतं ते बघायला त्यानं टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत घालून घेतलं.

मग यंत्रमागांच्या दातेरी चाकांसाठी प्लास्टिक विकणारा एक फिरता विक्रेता दवाखान्यात आला. चार्नलीनं त्या प्लास्टिकला नख लावून पाहिलं, हे कसलं टिकतंय म्हणाला आणि बाजूला सारलं. त्याच्या हाताखालच्या क्रेव्हन नावाच्या कारागिरानं मात्र साहेब बाहेरगावी गेलेले बघून तो तुकडा झिजवायच्या मशीनवर लावून दिला. साहेब परत आले तरी तुकडा झिजायचं नाव घेत नव्हता. 1962 च्या नोव्हेंबरात पहिली वाटी त्या प्लास्टिकची बसली, आणि माझ्या खुब्यातली वाटी त्याच प्लास्टिकची नात आहे. दारात आलेल्या फिरत्या विक्रेत्याला मी तेव्हापासून हाकलत नाही. हिची त्याबद्दल तक्रार आहे. घरात सध्या तीन झाडू आणि दोन मच्छरदाण्या जास्तीच्या आहेत.

गवंडी सगळं ऐकून उठला. जाताना दारातून म्हणाला, ‘तरीबी गुरुजी, थोडं सिमेंट टाकाया पायजे व्हतं.’

घरी आल्यावर खरा गाजावाजा झाला तो कमोड खुर्चीचा. आमच्याकडे संडास देशी. त्यात उकिडवं बसणं म्हणजे कोनाची हत्या. म्हणून नांदेडहून एक खुर्ची घेतली. पायांची उंची कमीजास्त करायला भोकं, मधोमध आणखी एक भोक आणि खाली निळी बादली. ती गाडीत मावेना, तेव्हा टपावर बांधली. नांदेडपासून घरापर्यंत ती टपावर, आकाशाकडे तोंड करून, देवीच्या सिंहासनासारखी आली. स्टँडवर गाडी थांबली तेव्हा सगळ्या हॉटेलनं तिचं दर्शन घेतलं. मी आत, अर्धवट आडव्या केलेल्या सीटवर, दोन उश्यांत पाय घालून पडलेला. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

नातवानं तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

‘आबा, या खुर्चीला भोक कामून आहे?’

‘हवा खेळावी म्हणून.’

त्याला ते पटलं. उन्हाळ्यात शाळेतल्या सगळ्या खुर्च्यांना अशी भोकं पाडावीत, असं त्यानं बाईंना सुचवलंही. बाई माझ्याच विद्यार्थिनी. त्या दुसऱ्या दिवशी भेटायला आल्या त्या या सूचनेचा उगम शोधत.

वॉकरचं तसं नाही. तो आला आणि घरचा झाला. चारपायी, अल्युमिनियमचा, पायांना रबरी बूट. सकाळी मी त्याला धरून अंगणात दोन फेऱ्या मारायचो, दुपारी सूनबाई त्याच्यावर नातवाचे लंगोट वाळत घालायची (धाकटा नातू, भोकाचा शोध लावणारा नव्हे), संध्याकाळी त्याला शेळी बांधलेली मी दोनदा पाहिली आहे. चालायची रीत अशी: आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. ओटा चढताना मात्र चांगला पाय आधी आणि उतरताना ऑपरेशनचा आधी. एवढ्या क्रमाची गणितं मी सातवीच्या पोरांना घालत नव्हतो.

हे शिकवायला वसमतहून आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट यायचा. पहिल्या दिवशी दारात उभा राहून त्यानं नमस्कार केला आणि म्हणाला, ‘सर, ओळखलं का? आठवी ब. बावीस वर्षं झाली.’

मी ओळखलं नाही. मग तो अंगणातच वाकला आणि अंगठे धरून उभा राहिला. तेव्हा ओळखलं. त्या पाठीचा उतार मी कितीतरी तास पाहिलेला होता.

‘सर, तुम्ही मला रोज अंगठे धरायला लावायचा,’ तो सरळ होत म्हणाला. ‘म्हणून माझी कंबर अजून मोकळी आहे. आता तुम्हाला तीन महिने अंगठे धरायला मनाई. नखं कापायलासुद्धा.’

हे तो इतक्या आनंदानं म्हणाला, की मला शंका आली, हा फिजिओथेरपिस्ट झाला तो यासाठीच. पण पोरगं गुणी निघालं. पंजे वरखाली करायला लावायचा, तासाला दहा वेळा, म्हणजे पोटऱ्यांतलं रक्त साकळत नाही. मांडी आवळायची, पाच मोजायचे, सोडायची. मी पाच मोजले, की तो म्हणायचा, ‘सर, लवकर मोजलं. पुन्हा.’ एकदा मी कंटाळून विचारलं, काटकोन सांग बरं किती अंशांचा? तो म्हणाला, ‘तुमच्यासाठी सर, एकशे दहाच समजा. नव्वदच्या जवळ कशाला जायचं?’ अभ्यासक्रम बदलला होता, मला कुणी कळवलं नव्हतं.

घरात कोनाचं खातं हिच्याकडे होतं. नातवाच्या कंपास पेटीतला कोनमापक तिनं पदराच्या गाठीत बांधून ठेवला होता. मी खुर्चीत जरा पुढं झुकलो, की ती स्वयंपाकघरातून विचारायची, ‘किती झाला?’ पडलेला चष्मा उचलायला वाकणं गुन्हा, चपलेचा पट्टा ओढणं गुन्हा, पायाशी आलेल्या मांजराला हाकलणंही गुन्हा. त्या मांजराला ते कळलं. माझ्या पायाशी बसून ते दूध प्यायचं आणि मी वरून नुसतं शुक्‌शुक्‌ करायचो.

मला सगळ्यात जास्त त्रास दिला मराठी भाषेनं. भेटायला येणारा प्रत्येक जण निघताना म्हणायचा, ‘आता काही काळजी करू नका गुरुजी, पायावर पाय टाकून बसा!’ मला तेवढंच करायचं नव्हतं. पोरांना पायावर उभं केलं, आता अंग टाका, म्हणायचे. अंग टाकलं असतं तर बॉलही पडला असता. आमचे एक जुने हेडमास्तर, ज्यांचा बाणा आयुष्यभर मोडेन पण वाकणार नाही असा होता, ते येऊन हळहळले, ‘आता तुमचंही माझ्यासारखंच झालं.’ मी म्हणालो, ‘नाही सर, थोडा फरक आहे. माझं वाकलो तर मोडेन, असं आहे.’ त्यांना राग आला असावा. चहा न घेता गेले.

भेटायला येणाऱ्यांबद्दल जरा सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण दुखणं त्यांचंच जास्त होतं. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणं हे कर्ज फेडल्यासारखं असतं. तुम्ही त्यांच्या मोतीबिंदूला गेला होता, ते तुमच्या बॉलला येणार. जूनचे शेवटचे दिवस, सोयाबीनची पेरणी उरकलेली, हळदीच्या बेण्याची लागवड चाललेली, पाऊस आला की रान बंद आणि रान बंद झालं की मंडळी आमच्या ओट्यावर. आल्या आल्या पहिली मागणी, ‘टाके दावा.’ टाके खुब्याच्या बाजूला, म्हणजे लुंगी कुठवर सरकवायची हा प्रश्न प्रत्येक पाहुण्यागणिक. त्यातून ते दोऱ्याचे टाके नव्हते, बारीक पिनांची ओळ होती. ‘अरे, हे तर स्टेपल मारलंय!’ एकजण ओरडला. ‘गुरुजी, पेपराचा गठ्ठा केला तुमचा!’

जो येई तो हळद आणी. हा सगळा मुलूख हळदीचा. वसमतच्या बाजारात हळदीचे ढीग लागतात आणि आता वसमत हळदीला भौगोलिक मानांकनही आहे. कुणी दुधात घालायला आणली, कुणी जखमेवर लेप लावायला. जखमेला हात लावायला हिनं कुणालाच परवानगी दिली नाही, पण दूध मात्र दोन वेळा पाजलं. पंधरा दिवसांत माझे दात, मिशीचे टोक आणि वॉकरच्या मुठी पिवळ्या पडल्या. लग्नाची हळद लागली होती त्यापेक्षा ही जास्त चढली.

दुसरी ठरलेली गोष्ट म्हणजे वाजपेयी. ‘काही होत नाही हो, वाजपेयींचंबी झालं व्हतं.’ मी म्हणायचो, ते गुडघे, ब्रीच कँडीत, 2000 साली एक आणि 2001 साली दुसरा, डॉक्टर रणावत अमेरिकेहून आले होते. माझा खुबा. समोरचा शांतपणे म्हणायचा, ‘त्येच ते. पायच की.’ पुण्याच्या डॉक्टर संचेतींनी आपल्या लोकांच्या सवयी लक्षात घेऊन ‘इंडस’ नावाचा कृत्रिम गुडघा तयार केला, हेही मी सांगून पाहिलं. तेव्हा एका म्हातारबाबांनी विचारलं, ‘मंग तुमी गुडघा का नाई बदलला? मांडी तरी घालता आली असती.’ याला काय उत्तर देणार? दुखत खुबा होता, हे कारण त्यांना पुरेसं वाटलं नाही.

रात्रीचं मात्र हसू यायचं नाही. रात्र लांब. कूस वळायची नाही, पाठीवर पडून राहायचं, दोन्ही पायांत जाड उशी, ती सरकू नये म्हणून हिनं जुन्या धोतराच्या पट्टीनं बांधलेली. तीनच्या सुमाराला पाय अवघडायचा, मग हिला उठवावं लागायचं. ती दोन्ही हातांनी टाच आणि गुडघा धरून, हलकेच, मडकं उचलल्यासारखा पाय उचलायची, बोटभर इकडं ठेवायची, मग तिथून बोटभर तिकडं. औंढ्याच्या नागनाथाची गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडले होते, नामदेव म्हणाले पाय काढा, विसोबा म्हणाले जिथं पिंड नाही तिथं ठेव. नामदेवांनी पाय उचलून ठेवले तिथं तिथं पिंड. माझा पाय ही उचलून ठेवी तिथं तिथं उशी. फरक एवढाच, की तिथं शिष्याला ज्ञान झालं. इथं हिला झोप आली नाही आणि मला काही सुचायचं नाही, म्हणून मी दर वेळी विचारायचो, ‘तुझी कंबर दुखत नाही ना?’ ती म्हणायची, ‘माझ्या कंबरेचं नंतर बघू. एका वेळी एकाच बॉलचे पैसे आहेत.’

आणि मग 10 जुलैची सकाळ.

भूकंप आम्हाला नवा नाही. पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत जमिनीखालून गूढ आवाज येतात, हे अनेक वर्षांचं. किल्लारीनंतर मराठवाड्यातला माणूस भांडं वाजलं तरी आधी दाराकडे बघतो. त्याच वर्षी 21 मार्चला पहाटेच्या सुमाराला साडेचार रिश्टरचा धक्का बसला, तेव्हा मी दुखऱ्या, लंगड्या पायानंसुद्धा घरात सगळ्यांत आधी ओट्याखाली होतो. हिला न घेता. तो विषय घरात अजून मिटलेला नाही.

10 जुलैला ऑपरेशनला सोळा दिवस झाले होते. सकाळचे सव्वासात. मी खुर्चीवर होतो. त्या खुर्चीवर. अचानक खालची बादली थरथरली, मग खुर्चीचे चारही पाय, मग मी. मला वाटलं, उंचीची खुंटी निघाली. पत्रे खडखडले, फळीवरचा डबा खाली आला, आणि बाहेरून आरोळी ऐकू आली, ‘भूकंप! बाहेर या!’ मार्चइतकाच मोठा, साडेचारचाच, असं नंतर कळलं. घरातली माणसं एका झटक्यात अंगणात. शेळी अंगणात. मांजर तर त्याच्याही आधी.

मी काय करणार? धावायचं मनात आलं, पण कागद आठवला. खुर्चीवरून उठायचं तर आधी पुढं सरकायचं. ऑपरेशनचा पाय पुढं लांब करायचा. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर. पुढं झुकायचं नाही, सरळ वर उठायचं. लुंगी. वॉकर. वॉकर भिंतीला टेकवलेला, दीड हात लांब. आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. बाहेरून थोरला ओरडतोय, ‘आबा, पळा!’ ही त्याच्यावर ओरडते आहे, ‘पळू नका! नव्वदच्या आत जाऊ नका!’ जमीन आणि बायको यांच्यात त्या क्षणी मी बायकोचं ऐकलं. थोरला आत धावून आला, पण मला धरायचं कुठून हे त्याला कळेना, म्हणून तो नुसताच माझ्या बाजूनं वॉकरच्या चालीनं चालू लागला. आधी वॉकर, मग मी, मग तो.

ओट्याची पायरी आली. उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. की चांगला? इथं मी थांबलो. बत्तीस वर्षांत फळ्यासमोर जे कधी झालं नाही ते झालं, सूत्र विसरलो. ‘वाईट पाय खाली!’ ही अंगणातून ओरडली.

मी अंगणात पोचलो तेव्हा भूकंप संपून निदान पाच मिनिटं झाली होती. शेजारणी परत आत जाऊन चहाचं आधण ठेवत होत्या. गल्लीतली माणसं पांगत होती. गवंडी समोरून येत होता. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग भिंतीला कुठं तडा गेलाय का ते पाहिलं आणि म्हणाला, ‘गुरुजी, भूकंपालाबी उशीर? शाळंत तर घंटेच्या आधी यायचे.’ मग माझ्या खुब्याकडे बोट करून विचारलं, ‘हाललं का काही?’

‘नाही.’

‘बिगर सिमेंटचं असून?’ तो खरंच चकित झाला. तेव्हापासून तो कुणाच्या घराच्या पायाचा विषय निघाला, की माझ्या खुब्याचं उदाहरण देतो.

दीड महिन्यानंतर वॉकर सुटला आणि काठी आली. डावा खुबा दुखरा, म्हणून काठी उजव्या हातात. हे शास्त्र आहे, वजन वाटलं जातं. पण स्टँडपर्यंत जाईतो किमान चौघं तरी थांबवून सांगतात, ‘गुरुजी, काठी चुकीच्या हातात धरली.’ आधी मी समजावून सांगायचो. मग आकृती काढून दाखवायला लागलो. आता डाव्या हातात घेतो, तो माणूस वळला की पुन्हा उजव्या. हॉटेलवाल्यानं माझ्यासाठी एका बाकाखाली चार विटा लावल्या आहेत. त्या बाकावर बसलं, की पाय लोंबकळतात आणि सगळ्या गिऱ्हाइकांच्या डोक्यावरून औंढ्याकडून येणारी एसटी आधी मला दिसते. ती आली, की मी सांगतो. तेवढंच माझं सध्याचं सार्वजनिक कार्य.

तिथंच एका पावसाळी दुपारी विषय निघाला, की हा बॉल किती वर्षं टिकतो. मी म्हणालो, सगळं नीट राहिलं तर वीस वर्षंही. माझं वय चौसष्ट. सगळ्यांनी मनातल्या मनात बेरीज केली, ती मला ऐकू आली.

‘मंग गुरुजी,’ एकानं हळूच विचारलं, ‘तुमी गेल्यावर राख सावडताना हे लोखंड निघंल?’

‘निघेल. लोखंड नाही, टायटॅनियम. चितेत वितळत नाही.’

‘मंग ते कुणाचं?’

यावर बराच खल झाला. थोरल्याचं की दोघा भावांत वाटणी, अस्थींबरोबर गोदावरीत सोडायचं की घरी ठेवायचं. मी त्यांना सांगितलं, की चार्नली आपल्या रोग्यांकडून मेल्यावर सांधा परत देण्याचं कबूल करून घ्यायचा, किती झिजला ते बघायला. ते ऐकून भंगारवाला, जो इतका वेळ कोपऱ्यात चहा पीत बसला होता, उठून माझ्या बाकाजवळ आला आणि अगदी अदबीनं म्हणाला, ‘गुरुजी, किलोनं बघायचं तर आपल्याला सांगा. भाव चांगला देतो.’

‘किती?’ मी विचारलं.

त्यानं माझ्या मांडीकडे पाहिलं, वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाला, ‘ते आत्ता कसं सांगावं? त्या टायमाचा भाव बगू की.’